रांजणातलं बियाणं

गुरुवारी सकाळी सात वाजता संघमित्राला भेग दिसली. खड्ड्याच्या पश्चिमेच्या कडेपासून वीतभर मागे, जमिनीत, केसासारखी बारीक आणि हातभर लांब. आदल्या संध्याकाळी ती नव्हती. संघमित्रा उकिडवी बसली, भेगेवरून बोट फिरवलं आणि मग उठून खड्ड्यात उतरायला निघालेल्या वना नावाच्या गड्याला थांबवलं. आज कुणीही खाली जायचं नाही, मी सांगेपर्यंत, असं तिने सगळ्यांना बजावलं.

नरडाण्यापासून तासाभराच्या वाटेवर, नदीच्या काठी, कळमटेक गावाबाहेर ही पांढरी होती. पांढरी म्हणजे जुन्या वस्तीचं टेकाड. माणसांनी पिढ्यानपिढ्या एकाच जागी घरं बांधली, ती पडली, त्यांच्यावर पुन्हा बांधली, चुलींची राख तिथेच साठत गेली, आणि शेवटी शेतांच्या काळ्या जमिनीत एक फिकट, राखट उंचवटा तेवढा उरला. कळमटेकची माणसं आजोबा-पणजोबांपासून तिथली माती बैलगाडीने नेत आली होती, कुणी घराच्या धाब्यावर, म्हणजे मातीच्या छपरावर, घालायला, कुणी शेतात खत म्हणून. साडेतीन हजार वर्षांपूर्वी या काठावर शेतकरी राहत होते हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. सांगितलं असतं तरी माती न्यायचं थांबलं नसतं, कारण माती चांगली होती.

संघमित्रा मूळची सावद्याची. तिचे वडील पितांबर केळीच्या बागांमध्ये घड कापण्याचं काम करत. मुलगी पुरातत्त्व शिकते म्हणजे नेमकं काय शिकते, हे त्यांना बरीच वर्षं नीट कळलं नव्हतं. ती जळक्या दाण्यांची अभ्यासक होती. धान्य मातीत कुजतं, पण जळून कोळसा झालेला दाणा कुजत नाही. तो हजारो वर्षं आपला आकार धरून राहतो. त्यावरून कुणी काय पेरलं, काय खाल्लं, कोणत्या हंगामात उपास काढले, हे सांगता येतं. माणूस लाखो वर्षं शिकार करत, कंदमुळं उकरत फिरला आणि मग कुठे कुठे एका जागी बसून पुढच्या पिकाची वाट पाहू लागला. ते वाट पाहणं या तापीच्या खोऱ्यात कसं सुरू झालं, हे शोधण्यात तिची आठ वर्षं गेली होती.

कळमटेकला हा दुसरा हंगाम. पथकाचे प्रमुख प्रेमराज सर पुण्याला गेले होते आणि जागेची सगळी जबाबदारी तिच्यावर होती. उत्खननाची परवानगी शनिवारी संपत होती. त्यानंतर खड्डा बुजवून जमीन परत द्यायची.

दोन आठवड्यांपूर्वी त्यांना खाली एका जळलेल्या घराची जमीन लागली होती. गोल झोपडी, मधोमध चूल. चुलीभोवती जे सापडलं त्याने संघमित्राला झोप लागेनाशी झाली होती. उंदरांची हाडं, नदीतले शिंपले, गोगलगाई आणि शेकडो बोरांच्या आठळ्या, त्याही दगडाने फोडून आतला इवलासा गर काढून घेतलेला. गुराचं हाड एकही नाही. चुलीपाशी धान्याचा दाणा नाही. जळण्याआधी त्या घरातली माणसं उपाशी होती, यात तिला शंका उरली नव्हती.

आणि मंगळवारी, त्याच जमिनीच्या पातळीवर, पश्चिमेच्या भिंतीतून एका रांजणाचं पोट बाहेर डोकावलं. अर्धा रांजण उघडा, अर्धा मातीत. तोंडावर मातीचं झाकण लिंपलेलं आणि ते आगीत भाजून विटेसारखं झालेलं. एका बाजूला रांजण तडकला होता, त्या फटीतून तिने टॉर्च मारला. आत काळे दाणे होते. तोंडापर्यंत.

उपाशी घरात भरलेला रांजण. हे कोडं नऊ फूट खोलीवर भिंतीत अडकलं होतं.

वरून रीतसर खणत तिथवर पोहोचायला तीन आठवडे लागले असते. ते नव्हते. जागीच सोडावा, तर खड्ड्याची पश्चिमेची बाजू गावातल्या अभिमनभाऊंच्या गटात होती, आणि खड्ड्यापासून वीस पावलांवर परवापासून त्यांचं जेसीबी चालू होतं. पांढरीचा पश्चिमेचा अर्धा भाग त्यांच्या मालकीचा. तो सपाट करून त्यांना पावसाआधी मका घालायचा होता. मशीनचा दात जमिनीत शिरला की खड्ड्याच्या भिंतीतून बारीक माती झरझरत खाली यायची. पांढरीची माती राखट, तिला धर नाही. संघमित्राने सोमवारीच भिंतींना टेकू द्यायला बल्ल्या आणि फळ्या मागवल्या होत्या. त्या शुक्रवारी येणार होत्या.

तिने भेगेच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला आणि मधलं अंतर मोजलं. बरोबर दहा सेंटिमीटर. वनाच्या हातात फूटपट्टी दिली आणि दर अर्ध्या तासाने मोजायला सांगितलं. आठ वाजता दहाच. साडेनऊला दोन मिलिमीटर वाढलेले. साडेदहाला चार. या गतीने भिंत शुक्रवारच्या फळ्यांची वाट पाहणार नव्हती.

तिने सरांना फोन लावला. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाले की तू खाली जा असं मी म्हणणार नाही, तसं म्हणायचा मला अधिकारही नाही. पण पुढे बोललेच. अख्ख्या खानदेशात असा झाकणबंद रांजण मिळाल्याचं त्यांच्या पाहण्यात नव्हतं, आणि सोमवारनंतर तो मशीनच्या पुढ्यात असणार होता. काय करायचं ते तू जागेवर बघून ठरव, असं सांगून त्यांनी फोन ठेवला. संघमित्राला त्यांचा राग आला आणि त्याच क्षणी कळलं, की त्यांनी "जाऊ नको" म्हटलं असतं तर जास्त राग आला असता.

ती अभिमनभाऊंकडे गेली. ते बांधावर निंबाच्या सावलीला उभे होते. पन्नाशीचा, कमी बोलणारा माणूस. मशीन दोन तास थांबवा, एवढीच तिची मागणी होती.

"ताई, मागच्या वर्षी तुम्ही म्हणालात दोन महिने," ते म्हणाले. "दोन हंगाम झाले. माझी जमीन पडून आहे."

ते खरं होतं. खड्डा अर्धा त्यांच्याच गटात होता, आणि त्यापायी त्यांनी दोनदा पेरणी सोडली होती. संघमित्राने ते मान्य केलं. मशीनच्या हादऱ्याने भिंत सुटायला लागलीय, खाली माणूस असताना ती पडली तर काय होईल, हेही सांगितलं. अभिमनभाऊ येऊन भेग पाहून गेले. खाली वाकून त्यांनी रांजणही पाहिला. मग म्हणाले, मशीनवाला बाराला जेवायला जातो, त्याला मी दोनपर्यंत बसवून ठेवतो. शनिवारी जमीन मोकळी करून द्या. तिने शब्द दिला.

बारा वाजता मशीन बंद झालं. एप्रिलचं ऊन पांढरीवरून डोळ्यांत परतत होतं. संघमित्राने फूटपट्टी स्वतः लावली. दहा सेंटिमीटर, पाच मिलिमीटर. दहा मिनिटांनी पुन्हा लावली. तेवढंच. भिंत थांबली होती, निदान तसं वाटत होतं.

एकटीच उतरायचं तिने ठरवलं. कमरेला दोर, दोराचं टोक वर दोन गड्यांकडे, वना खिळ्यांपाशी. चाळणीपाशी बसलेली यशोदाबाई तेवढी कुरकुरली. यशोदाबाई साठीकडे झुकलेली, पहिल्या दिवसापासून कामावर असलेली बाई. माती चाळून बोटांच्या चिमटीने दाणा उचलण्यात तिचा हात कुणी धरत नव्हतं. संघमित्रा तिला अक्का म्हणायची. अक्काचं म्हणणं असं, की दोर माणसाला धरतो, भिंतीला धरत नाही. संघमित्राने ऐकलं न ऐकल्यासारखं केलं आणि मातीत कोरलेल्या पायऱ्या उतरून खाली गेली.

खाली वारा नव्हता. रांजणासमोर गुडघे टेकून तिने खुरपीच्या टोकाने झाकणाभोवतीची माती सोडवली. रांजण अख्खा काढणं शक्य नव्हतं, तो ओढला तर वरची भिंत सोबत आली असती. झाकण काढायचं, दाणे थराथराने पिशव्यांत भरायचे आणि रांजण जागीच सोडायचा, असा तिने बेत केला होता. झाकण वीस मिनिटांनी सुटलं. खालच्या बाजूला लिंपणाऱ्याची चार बोटं उमटली होती, बारीक, बाईची किंवा मुलाची. तिने ते कापडात गुंडाळून घमेल्यात ठेवलं आणि वर पाठवलं.

मग दाणे. झाकण इतकं घट्ट होतं की आत हवा पोहोचली नव्हती, म्हणून घर जळताना दाण्यांची राख न होता कोळसा झाला होता. लहान डावाने ती ते अलगद उचलत होती. वरून वना वीस-वीस मिनिटांनी आकडा सांगत होता. पाच. पाच. सहा. पहिली पिशवी भरली, वर गेली. दुसरी भरली.

दुसरी पिशवी वर पोहोचली तशी यशोदाबाई चाळणी सोडून उठली. तिने पिशवीतले चार दाणे तळहातावर घेतले, उन्हात धरले, बोटाने फिरवले. मग खड्ड्याच्या कडेला आली.

"पोरी, हाई कुयीद शे," ती म्हणाली. कुळीथ हे संघमित्रालाही दिसलं होतं. पण अक्काचं म्हणणं तिथे संपलं नव्हतं. "यामा एक बी खडा नही. फुटेल दाना नही, बारीक दाना नही. बठ्ठा निवडेल शेतस. हाई खावानं नही, बियानं शे."

संघमित्राचा हात रांजणातच थांबला.

खायचं धान्य कुणी दाणा न् दाणा निवडत नाही. पाखडून ठेवतात, लागेल तसं काढतात. हे निवडून, झाकण लिंपून, चुलीपासून दूर पुरून ठेवलेलं होतं. ते ज्या घरात होतं, त्या घराने बोराच्या आठळ्या फोडल्या होत्या, उंदीर भाजले होते. चार हातांवर भरलेला रांजण आहे हे त्या माणसांना रोज माहीत होतं, आणि त्यांनी त्याला हात लावला नव्हता. हे खाल्लं तर पुढचं वर्ष नाही, एवढं त्यांना पक्कं ठाऊक होतं. आठ वर्षं संघमित्रा धान्यातून जे वाट पाहणं शोधत होती, ते तिच्या हाताखाली होतं.

तिने तिसरी पिशवी भरली. तिच्या शेवटी दाण्यांचा आकार बदलला. कुळीथ संपलं आणि खाली लांबट, मधे चीर असलेले दाणे लागले. जव असावेत. म्हणजे रांजणात एक नव्हे, दोन पिकं होती, एकावर एक, कदाचित तळाशी तिसरंही. पावसाळी पीक वर, हिवाळी पीक खाली. पेरणीच्या क्रमाने भरलेला रांजण. हे कळायला तळापर्यंत जाणं भाग होतं.

त्याच वेळी तिला गुडघ्यांतून हादरा जाणवला. कानांना आवाज नंतर आला. मशीन चालू झालं होतं.

घड्याळात दीड वाजला होता. वर कुणीतरी अभिमनभाऊंच्या नावाने हाक मारत पळालं. वनाने फूटपट्टी लावली आणि आकडा सांगायचं सोडून म्हणाला, "ताई, वर या."

"किती?"

"बोटभर झालीय. वर या."

ती उठायला हवी होती. पुढे कित्येक महिने तिने हा क्षण मनात पुन्हा पुन्हा मांडला आणि दर वेळी ती उठली. पण त्या दुपारी ती उठली नाही. चौथी पिशवी अर्धी भरली होती. खांद्यापर्यंत हात रांजणात घालून ती तळ चाचपत होती आणि बोटांना काहीतरी गोल, गुळगुळीत लागत होतं. भिंतीतून मूठ-मूठ माती तिच्या मानेवर पडत होती. दोर कमरेला ओढ देत होता, तिने दुसऱ्या हाताने तो सैल केला. एकच मिनिट, असं ती मोठ्याने म्हणाली.

पायऱ्यांवर पावलं वाजली. यशोदाबाई लुगड्याचा काठ खोचून खाली आली होती.

"भीत बोली ऱ्हायनी," ती भिंतीकडे बोट करून म्हणाली. आवाज चढलेला नव्हता. "ऊठ."

"अक्का, तुम्ही वर जा. ही एवढी पिशवी—"

यशोदाबाईने वाद घातला नाही. तिने संघमित्राचा दंड काखेजवळ धरला, जनावराला गोठ्यातून ओढावं तसा झटका देऊन तिला उभी केली आणि पायऱ्यांच्या दिशेने ढकलून दिलं. संघमित्रा तिसऱ्या पायरीवर तोंडावर आपटली. मागे एक दबका आवाज झाला, पोतं टाकावं तसा. मग धूळ.

धूळ इतकी दाट होती की स्वतःचा हात दिसेना. संघमित्रा वळली, रांगत मागे गेली. मघाशी जिथे ती गुडघे टेकून बसली होती तिथे मातीचा ढीग होता आणि त्या ढिगातून यशोदाबाईचं डोकं आणि एक हात तेवढा बाहेर होता. डोळे उघडे होते. ती श्वास घ्यायचा प्रयत्न करत होती आणि तो आत जात नव्हता.

ओढायचं नाही, आधी छाती मोकळी करायची, हे संघमित्राला शिकवलेलं होतं. तिने हातांनी उकरायला सुरुवात केली. माती परत घसरून येत होती. वना शेजारी उतरला, मग दोन गडी. कुणीतरी फावडं आणलं, ती ओरडली की फावडं नको, हातानेच. वरचा उरलेला तुकडा कडेला लोंबत होता, तो कधी येईल याचा नेम नव्हता, आणि त्याच्याकडे बघायला कुणालाच सवड नव्हती. मशीनचा आवाज थांबला. त्यानंतर दोन मोठे, काळे हात तिच्या हातांशेजारी माती ओढू लागले. अभिमनभाऊ होते.

छाती मोकळी झाली तेव्हा यशोदाबाईने एक लांब, घरघरता श्वास घेतला. पाय मोकळे व्हायला आणखी वीस मिनिटं लागली. उजवी मांडी मधेच वाकडी झाली होती. एक दार काढून आणलं, त्यावर तिला बांधलं, अभिमनभाऊंच्या पिकअपमध्ये ठेवलं. संघमित्रा तिचं डोकं मांडीवर घेऊन बसली. धुळ्यापर्यंत यशोदाबाई शुद्धीवर होती आणि सारा वेळ एकच विचारत होती, की खाली आणखी कुणी ऱ्हायनं का. संघमित्रा दर वेळी नाही म्हणाली.

संध्याकाळी डॉक्टरांनी सांगितलं की फुप्फुसांना मार नाही, मांडीत सळई घालावी लागेल, वयामुळे चालायला वेळ लागेल. यशोदाबाईची सून दवाखान्याच्या बाकावर बसून होती. भिंत कशी पडली, असं तिने विचारलं. मशीनचं नाव घेणं सोपं होतं, आणि ते खोटंही झालं नसतं. संघमित्रा म्हणाली, "चूक माझी आहे. वनाने वर बोलावलं तेव्हा मी निघाले असते तर त्या उतरल्याच नसत्या." सून तिच्याकडे बघत राहिली. मग उठून बाकाच्या दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

दुसऱ्या दिवशी प्रेमराज सर आले. आधी यशोदाबाईला भेटले, डॉक्टरांशी बोलले, ऑपरेशनच्या खर्चाचं पाहिलं. मग संघमित्राला बाहेर चहाच्या टपरीवर घेऊन गेले. त्यांचा चेहरा उतरला होता. अहवालात अपघाताचं कारण शेजारच्या मशीनचा हादरा आणि मातीचा ठिसूळपणा एवढंच असावं, असं त्यांनी सुचवलं. ते तिला वाचवायला बघत होते, आणि स्वतःलाही. निष्काळजीपणा लिहिला तर या जागेची परवानगी पुन्हा मिळणार नाही, बाकीची पांढरीही हातची जाईल, हे त्यांनी जीव तोडून सांगितलं.

"सर, भेग सकाळी सातला दिसली होती," संघमित्रा म्हणाली. "हे मी लिहिणार आहे."

"आणि मी फोनवर काय बोललो ते?"

"तेही."

सरांनी चहा अर्धा ठेवला. शेवटी म्हणाले, बरं, लिही. पुढे त्यांनी त्यातला एकही शब्द बदलला नाही, आणि त्यानंतर तिला कुठल्या कामावर घेतलंही नाही.

पोलिसांच्या पंचनाम्यात अभिमनभाऊंनी स्वतःहून जबाब दिला. मशीनवाल्याला दोनपर्यंत थांबायचं सांगतो असं आपण कबूल केलं, पण जेवणाच्या नादात ते सांगायचं राहून गेलं. त्या माणसाला खाली कुणी आहे हे माहीतच नव्हतं. त्याला यात धरू नये. हे सांगताना त्यांची मान खाली होती. संघमित्रानेही तिचा जबाब दिला. दोघांच्या जबाबांत मिळून त्या दुपारी नेमकं काय झालं ते सगळं आलं.

परवानगी वाढली नाही. ठरल्याप्रमाणे शनिवारी नाही, पण पुढच्या आठवड्यात खड्डा बुजवला गेला. चौथी पिशवी ढिगाखाली फाटलेली मिळाली, तिच्यात माती आणि दाणे एक झाले होते. रांजणाचा चुरा झाला होता. तळाशी तिसरं पीक होतं का, बोटांना लागलेलं ते गोल काय होतं, हे कुणालाच कधी कळणार नव्हतं. जूनमध्ये अभिमनभाऊंनी पश्चिमेची बाजू सपाट केली.

प्रयोगशाळेतून काळ निघून आला, साडेतीन हजार वर्षांच्या आसपास. संघमित्राने तीन पिशव्यांवर एका संशोधन-पत्रिकेसाठी टिपण लिहिलं. त्यात एक वाक्य असं होतं, की हे धान्य खाण्यासाठी नसून पेरणीसाठी निवडून ठेवलेलं होतं ही ओळख कळमटेकच्या शेतकरी यशोदाबाई यांनी जागेवर पटवली. तपासणाऱ्यांपैकी एकाने हा आधार शास्त्रीय नाही असा शेरा मारला. तेव्हा तिने पाचशे दाण्यांची मापं घेतली, शेजारच्या गावांतून आजचं कुळीथ आणून खायचं आणि बियाण्याचं वेगवेगळं मोजलं, आणि तक्ता जोडला. यशोदाबाईचं वाक्य जागचं हलवलं नाही.

ऑगस्टमध्ये ती कळमटेकला गेली. जावं की नाही यावर दोन महिने गेले होते. यशोदाबाई ओट्यावर बसली होती, शेजारी ॲल्युमिनियमचा वॉकर. सुनेने पाणी आणून दिलं आणि आत गेली. बराच वेळ दोघी पावसावर, कपाशीवर बोलल्या. संघमित्राने माफी मागायला तोंड उघडलं तसं यशोदाबाईने हाताने थांबवलं.

"तू एक पिशवीसाठे थांबनी," ती म्हणाली. "मी तुन्हासाठे उतरनू. मन्हा पाय गया. आते ते काय बोलीसन परत येस का?"

यशोदाबाईला उत्तर नको होतं. मग म्हातारीने विचारलं, की त्या घरातल्या माणसांचं पुढे काय झालं. बियाणं राखून ठेवलं होतं तर परत येऊन उकरलं का नाही. संघमित्रा म्हणाली की घर जळाल्यावर तिथे पुन्हा कुणी राहिल्याची खूण नाही. गेले असतील, किंवा ज्यांना रांजण माहीत होता ते उरले नसतील. नक्की सांगता येत नाही. यशोदाबाईने मान हलवली. उपाशी ऱ्हायनात पन खादं नही, असं ती स्वतःशीच पुटपुटली आणि तोंड पुसलं.

मग तिने वॉकर पुढे ओढला. घराच्या मागेच तिचं अर्ध्या एकराचं वावर होतं. ऑपरेशन झाल्यापासून सुनेने तिला तिकडे जाऊ दिलं नव्हतं. संघमित्राने एका बाजूने खांदा दिला. दर पावलाला यशोदाबाई थांबत होती, दात आवळत होती, आणि पुन्हा निघत होती. मांडीतली सळई प्रत्येक पावलाला दुखते, हे तिने सांगितलं नाही, पण तिची बोटं संघमित्राच्या खांद्यात रुतत होती. बांधापर्यंतच्या पन्नास पावलांना पाऊण तास लागला.

बांधावर बसून तिने वावरावरून नजर फिरवली. कपाशी गुडघ्याला आली होती, पण ओळींत गवत माजलं होतं. तिला ते सहन झालं नाही. खुरपं तिथेच बांधाच्या दगडाखाली होतं. ते तिने काढून संघमित्राच्या हातात दिलं, कोणत्या ओळीपासून सुरुवात करायची ते बोटाने दाखवलं, आणि मूळ सोडू नको, वरवर कापशील तर आठ दिवसांत परत येईल, असं दोनदा बजावलं. संघमित्राने चपला काढल्या आणि पहिल्या ओळीत बसली.